कडेची माणसं

फोटोमास्तर आला की माझं डोकं फिरतं. गेली कित्येक वर्षं हा माणूस त्याच गल्ल्या, तीच घरं, त्याच पायऱ्या धरून बसलाय. वर्षातून एकदा येतो आणि फाटकातूनच ओरडतो, "जागा तीच, फोटो ताजा!" बसस्टॉपमागे पासपोर्ट फोटोचं एवढंसं खोपटं, पण ऐट बघावी!

माणसं उभी करायची त्याची तऱ्हा तर विचारूच नका. घरातली पक्की माणसं मध्ये. नवी सून, घरजावई, ज्यांचा म्हणून भरवसा नाही ते सगळे कडेला. का, तर उद्या काही बिनसलं की कडेची पट्टी कापली, काम झालं! हे तो बायकांच्या कानात सांगतो आणि त्याही माना डोलावतात. शेजारच्यांचा जावई असाच छाटला. त्याच्या सासूबाई तो फोटो आल्यागेल्याला दाखवतात.

मी बिनलग्नाची, दादाच्याच घरात राहते. फोटोत वर्षानुवर्षं वहिनीला खेटून, म्हणजे काठावर पास.

यंदा दादाची मुलगी, माझी भाची, नवरा सोडून कायमची घरी आली होती. लहानपणापासून तिची जागा आईबापाच्या मध्ये. मास्तराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाला, "ताई, जरा कडेला या. अजून थोडं."

पोरगी मुकाट सरकली. वहिनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसली. आणि दादा? ऑफिसात साहेबाला सुनावल्याच्या बढाया मारणारा माझा दादा शर्टाची बटणं चाचपत होता. पोरीला या घरात जागा आहे की नाही ते त्या पायरीवर ठरत होतं, आणि हे आईबाप असे! शरम वाटली मला त्यांची.

"का हो मास्तर, ती कडेला का?"

"मावशी, फ्रेममध्ये बसायला नको का सगळं?"

"मग मी जाते कडेला. हिला मध्ये घ्या."

"अहो, पण ताई उद्या परत सासरी गेल्या तर? मधलं माणूस कापायचं कसं?"

"म्हणूनच," मी म्हटलं. भाचीचा दंड धरला आणि तिला दोघांच्या मध्ये नेऊन बसवलं. दादा तेव्हा कुठे सरकला, तोही बोटभर.

आठवड्याने फोटो आला. भाची मधोमध, डोळे लाल, मान ताठ. मी नाही. फ्रेममध्ये मावत नव्हते म्हणून मास्तराने मला उडवलं होतं. वहिनीच्या बाजूला माझं नुसतं कोपर उरलं होतं. दादाने फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "छान आलाय," म्हणाला.

भाचीच्या मात्र लगेच लक्षात आलं. तिचा चेहरा पडला, डोळे भरून आले.

"रडतेस काय, वेडे," मी म्हटलं. "हातोडी आण आणि खिळा ठोक."