सरांसमोर न हलणारा पंख

माझा राग वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. तो माझ्या पीएचडीत कसा घुसला, हे प्रबंधात कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

बाबा फौजेत होते. माझं लहानपण दिल्ली कँटच्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथे कूलर रुसला की मेकॅनिक बोलवायचा नाही, त्याच्या बरगडीत एक सणसणीत दणका द्यायचा, अशी आमची रीत. टीव्हीला तेच, मिक्सरला तेच. घरात माझा हात सगळ्यांत तयार होता. सवय अशी की दणका दिलाय हे मला स्वतःलाही कळायचं नाही.

मोठी झाले आणि दिल्लीजवळच्या, एनसीआरमधल्या एका कॉलेजात रिसर्चला लागले. विषय होता विमानाच्या लांब, लवचीक पंखांची फडफड. दिवसेंदिवस हवेत राहणाऱ्या ड्रोनचे पंख फार लांब आणि फार हलके असतात. वाऱ्याचा वेग एका हद्दीपलीकडे गेला की पंखाचं वाकणं आणि पिळणं एकमेकांना सामील होतं, दोघं मिळून वाऱ्यातूनच जोर घेतात आणि पंख फडफडायला लागतो. याला फ्लटर म्हणतात. ताठ पंख यात मोडतो. माझा लवचीक पंख मोडायचा नाही, एका मर्यादेपर्यंत जाऊन तिथेच झुलत राहायचा. हे कोणत्या वेगाला सुरू होतं ते गणिताने काढायचं आणि विंड टनेलमध्ये, म्हणजे मोठ्या पंख्याच्या बोगद्यात, करून दाखवायचं. एवढंच काम. एवढंच म्हणे!

पंख मी स्वतः बनवला होता. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, त्यावर फोमचे तुकडे, वरून फिल्म. तो बोगद्यात उभा करून मुळाशी एका लोखंडी टेबलाला घट्ट आवळलेला. आणि हा कार्टा गणितातल्या वेगाच्या कितीतरी आधीच फडफडायला लागला! मी आनंदाने सरांना फोन केला. सर म्हणजे माझे गाईड. मराठीच, सांगलीकडचे, अतिशय मऊ बोलणारे. ते आले, मी पंखा सुरू केला, आणि पंख हाताची घडी घालून उभा. हूं नाही की चूं नाही.

पुन्हा असंच झालं. मग पुन्हा. मी एकटी असले की नाचायचा, सर आले की सोवळ्यात. मोबाइलवर शूटिंग करायला गेले तर तेव्हाही ढिम्म. सर कॉम्प्युटरवर माझ्या आधीच्या रीडिंगचा आलेख बघून म्हणाले, "अहो, हे बघा, रीडिंग आधी अडकतंय आणि मग एकदम उडी मारतंय. सेन्सरची तार ढिली असणार."

"सर, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"दमला असाल तुम्ही."

दमला असाल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तार बदलली, सेन्सर बदलला, पंखसुद्धा नवा केला. तरी तेच. वर्ष असंच गेलं. शेवटी सर खाली मान घालून म्हणाले, "हे निकाल मी रिपोर्टमध्ये घेऊ शकत नाही. काढून टाका." याचा अर्थ मला नीट कळत होता. सरांना वाटत होतं, पोरगी आकडे बनवतेय. ते तसं कधी बोलले नाहीत, म्हणून जास्तच लागलं. मी काढणार नाही म्हणाले. मग ठरलं की रिसर्च कमिटीसमोर करून दाखवायचं. नाही जमलं तर रजिस्ट्रेशन रद्द.

कमिटीच्या दिवशी मी सुती साडी नेसले होते आणि चेहऱ्यावर जमेल तेवढं सौजन्य आणलं होतं. कमिटीचे अध्यक्ष आणि एक मॅडम खुर्च्यांवर, सर बाजूला, आणि दाराशी आमचे लॅब असिस्टंट, रोहतकचे, रिटायरमेंटला आलेले. पंखा सुरू केला. वेग वाढवला. पंख ढिम्म. रीडिंग नेहमीसारखं अडकलं, मी शहाण्यासारखं कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. पंख ढिम्मच.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "तो फ्लटर कहाँ है, भई?"

सरांनी रजिस्ट्रेशन रद्द करायचा कागद जवळ ओढला. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "मैडम, आज मारोगे नहीं क्या?"

सगळे वळले. मी म्हटलं, "क्या मारूँगी?"

"टेबल को जी. रोज़ तो मारते हो. स्क्रीन अटकती है, आप एक धरते हो, फिर ये नाचता है. मैं तो समझा यही तरीक़ा है."

"मी? मी कधीच..." म्हणत मी टेबलाकडे पाहिलं. माझ्या बाजूच्या कोपऱ्यावरचा रंग बरोबर तळहाताएवढा उडालेला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पण सर उठून उभे राहिले होते. "मारा," ते म्हणाले.

मी मारलं. पंख जरासा थरथरला आणि निमूट झाला.

"हळू मारलंत. नेहमी मारता तसं."

सगळ्यांसमोर, साडीत, तसं कसं मारणार? मी आणखी एक चापटी दिली. काही नाही. अध्यक्ष फाइल मिटत मॅडमना म्हणाले, "चलो, बच्ची ने मेहनत तो की."

बच्ची! टेबल असं दणाणलं की पाण्याचा ग्लास खाली आला. आणि पंख सुटला. डावीकडे, उजवीकडे, हातभर झोके, थांबायचं नावच नाही. सरांनी स्वतः वेग कमी केला, तरी तो चालूच. अजून कमी केला, तरी चालू. किती तरी खाली आणल्यावर एकदाचा शांत झाला.

सरांनी वेग पुन्हा पहिल्याइतका केला. मग वळून हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की छोटा धक्का हा पंख पचवतो, मोठा बसला तर अलीकडच्या वेगालाच झोक्यात अडकतो आणि वारा कमी केला तरी सहज सुटत नाही. पुढे म्हणाले, हिचे सगळे निकाल खरे होते. चूक माझी. वर्षभर मी हिच्यावर विश्वास ठेवला नाही.

"एक बार से क्या होता है," अध्यक्ष म्हणाले. "फिर से दिखाओ."

मी हात उचलला. पण राग कुठून आणू? वर्षभर साठवलेला सगळा त्या एका वाक्याने संपला होता. हात टेबलावर पडला तो बाळाला थोपटल्यासारखा. पंख हललासुद्धा नाही, आणि मला रडू यायला लागलं.

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशात ठेवलं आणि टेबलाला असा एक ठेवून दिला की अध्यक्षांची खुर्ची मागे सरकली. पंख नाचायला लागला. सर लाल झालेला तळहात दुसऱ्या हाताने चोळत होते. "लागलं हो," मला म्हणाले, "तुम्ही हे रोज करत होतात?"