आलिंग ओसांगची साक्ष

आलिंग ओसांगच्या तोंडी लागू नये, हे आमच्या सान रोमान गावात शेंबड्या पोरालाही कळतं. आलिंग म्हणजे आमच्याकडे मावशीसारखं. बाजाराच्या कोपऱ्यावर तिची कॉफीची टपरी आहे. बिया ती स्वतः भाजते, आणि भाजताना कुणी गप्पा मारायला आलं तर सरळ सांगते, गप्प बस, नाहीतर करपलेली तुलाच पाजीन. नवरा सुतार होता, भला माणूस, लवकर गेला. चार पोरं तिनं त्या टपरीवर वाढवली. मी समोरच शिवणाचं मशीन घेऊन बसते, त्यामुळे तिची बोलणी मला रोज फुकटात ऐकायला मिळतात.

दर फेब्रुवारीत गावात नाटक होतं. युद्ध संपता संपता जपानी सैनिकांनी गावातली माणसं चर्चच्या मागे नेऊन मारली, त्या आठवणीचं नाटक. मास्तर एलिसेओंच्या वडिलांनी ते लिहिलं, आता मास्तर बसवतात आणि कपडे मी शिवते. आधी कत्तल, मग मनिलातला खटला, शेवटी जनरलला फाशी. जनरल होतो दोमिंग. एरवी तो लिपाच्या रस्त्यावर जीप चालवतो, पण जानेवारीत डोकं भादरलं की महिनाभर प्रवाशांवर जनरलसारखा खेकसतो. खटल्यात नऊ वर्षांची एक मुलगी साक्षीला येते, त्याच्याकडे बोट रोखून म्हणते, "हाच तो. यानंच माझ्या आईला मारलं," आणि कोसळते. तेव्हा अख्खं पटांगण रडतं. मीही दरवर्षी रडायचे, खोटं कशाला बोलू?

ती मुलगी म्हणजेच आलिंग ओसांग. तिनं मात्र ते नाटक कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी टपरी बंद करून ती बातांगासला लेकीकडे निघून जायची. तिला सोसत नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो. कत्तलीला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी मेयरनी तिला पहिल्या रांगेत बसवून हार घालायचं ठरवलं. हार घालून घ्यायचा तर आधी बघू तरी काय दाखवतात, म्हणून ती तालमीला आली.

त्या मुलीचं काम करणाऱ्या मास्तरांच्या भाचीनं बोट रोखलं आणि आलिंग ओसांग उठून उभी राहिली.

"मी बोट दाखवलं नव्हतं," ती म्हणाली.

मास्तरांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं. त्यांनी पाणी मागवलं. पाणी बाजूला सारून तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. तिच्या आईला मारणारा सैनिक आमच्याच गावात राहायचा. त्याच्या उजव्या कानाची पाळी तुटकी होती. तो रोज त्यांच्याकडे अंडी घ्यायला यायचा, आई त्याला ताजी निवडून द्यायची. त्याच माणसानं आईला आणि दोन्ही भावांना संगिनीनं भोसकलं. आईच्या अंगाखाली राहिली म्हणून ही वाचली. मनिलाच्या कोर्टात तिला उंच खुर्चीवर बसवलं, बायबलवर हात ठेवायला लावला आणि विचारलं, तो माणूस इथं आहे का? तिनं सगळ्या कोर्टभर नजर फिरवली आणि नाही म्हणून सांगितलं. समोर बसलेल्या जनरलला तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. मग दुभाष्यानं तिला खुर्चीवरून उतरवलं.

दोमिंग पुढे आला. त्यानं विचारलं की आता काय जनरलला सोडून द्यायचं?

"फाशी झाली ते बरंच झालं," ती म्हणाली. "माणसं त्याची होती, हुकूम त्याचा होता. पण मी देवाची शपथ घेऊन नाही म्हटलं होतं, आणि तुम्ही दरवर्षी गावासमोर मला खोटी पाडता. आणि ज्यानं मारलं तो राहिला बाजूला. तुम्ही रडून मोकळे होता आणि जेवायला जाता."

मला ते झोंबलं. कारण आम्ही खरंच जेवायला जायचो. नाटकानंतर मेयरकडे अख्खं डुक्कर भाजलेलं असतं.

मास्तरांनी तिला समजावून पाहिलं. लोकांना हे असंच माहीत आहे, वडिलांचं लिखाण आहे, बोट काढलं तर नाटकात उरलं काय? तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तालमीला हजर झाली. तिसऱ्या दिवशीही. मास्तरांनी दार लावून घेतलं तेव्हा ती खिडकीशी उभी राहिली. टपरीवर तिनं मास्तरांना कॉफी देणं बंद केलं. त्यांनी मागितली तर म्हणायची, संपली, आणि त्यांच्या देखत शेजारच्याला ओतून द्यायची. गावात दोन तट पडले. बरेचसे मास्तरांच्या बाजूनं होते, हे मला सांगितलंच पाहिजे. पन्नास वर्षांनी कशाला नसतं उकरून काढायचं, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी तिनं मास्तरांना माझ्या दुकानातच गाठलं. म्हणाली, साक्षीचं काम मीच करते.

मास्तर हसायला लागले. "आलिंग ओसांग, ती नऊ वर्षांची पोर आहे हो."

"दोमिंग कधी जनरल होता? जीप चालवणारा जनरल होऊ शकतो, मग मला ओसांग व्हायला काय झालं?"

मास्तर म्हणाले, ठीक आहे, पण लिहिलंय तसं करायचं. ती म्हणाली, "मी साक्ष देईन." मास्तरांना तो होकार वाटला. मला नाही वाटला, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या मापाचा झालरीचा फ्रॉक बेतायला घेतला, तर तिनं माझ्या हातातून कापड ओढून घेतलं. म्हणाली, लोर्ना, मला बाहुली करू नकोस. ती आपल्या रोजच्या स्कर्टमध्ये उभी राहिली, कॉफीच्या डागांसकट.

नाटकाच्या दिवशी दुपारी पटांगण भरलं होतं. खटला सुरू झाला. न्यायाधीश होते औषधांच्या दुकानाचे तिरसो. त्यांनी विचारलं, तो माणूस इथं आहे का? दोमिंगनं छाती पुढे काढली. आलिंग ओसांगनं हात मांडीवरून हलवला नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या आईला मारणारा इथं नाही. त्याच्या उजव्या कानाची पाळी तुटकी होती. तो आमच्याकडची अंडी खायचा." मग तिरसोंकडे वळून म्हणाली, "तेव्हा मी लहान होते, विचारायला घाबरले. आज विचारते. तो कुठं आहे?"

तिरसोंनी पडद्याआड मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या हातात वडिलांची वही होती, पण त्या वहीत याला उत्तर नव्हतं. लिहिल्याप्रमाणे आता सरळ निकाल वाचायचा होता. तिरसोंनी कागद उचलला, पुन्हा खाली ठेवला. दोमिंगची छाती केव्हाच आत गेली होती, तो जमिनीकडे बघत बसला होता. पटांगणात कुणी रडत नव्हतं.

तिसऱ्या रांगेत मासे विकणारा इस्को उभा राहिला. हा माणूस एरवी भाव सांगण्यापुरतंच तोंड उघडतो. हातात टोपी धरून तो म्हणाला, "माझ्या बापाला ज्यानं नेलं, तोही हा नव्हे. त्याला मी ओळखत होतो."

पाठीमागे कुणीतरी त्याला खाली बस म्हणालं. तो बसला नाही.

"तिथून नको," आलिंग ओसांग म्हणाली. ती उंच खुर्चीवरून उतरली आणि खुर्ची त्याच्यासाठी मोकळी करून बाजूला उभी राहिली. "वर ये. इथं बसून सांग."

तिरसोंनी पुन्हा एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वही मिटली होती. तेव्हा तिरसो ताठ बसले आणि स्वतःच्या मनानं म्हणाले, "पुढचा साक्षीदार."

इस्को पायऱ्या चढायला लागला, आणि त्याच्या मागे रांगेतून एक म्हातारी उठली.