अण्णांनी दिलेला गोल

आमच्या अण्णांनी आमच्याच पेठेच्या जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढ्या कुणी खाल्ल्या नसतील.

माझे वडील फुटबॉलचे पंच.
एका फायनलला आमची पेठ मैदानात होती. समोरच्या टीमनंच हट्ट धरला, "पंच अण्णाच पायजेत."
आणि आमच्या गोलात उभा अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ, बाळूकाका.

शेवटी शेवटी समोरच्यांचा गोल झाला. काका हात वर करून ओरडले, "ऑफसाइड!"
अण्णांनी शिट्टी मारली, सेंटरकडं बोट केलं आणि गोल दिला.
आम्ही हरलो.

तेव्हापासून घरात जेवायला बसलं की तो गोल निघायचाच.
"अण्णा, ऑफसाइड हुता."
"न्हवता."
संपला विषय.

पुढं अण्णांना रक्ताचा कॅन्सर निघाला. सीएलएल, हळू चालणारा.
"त्यो हळू चालतोय न्हवं? मग मी जरा फास्ट चालतो," म्हणाले, आणि रोज ग्राउंडवर जात राहिले.

मग कोविड झाला.
ऑक्सिजन सावरला, पण मेंदूला सूज आली. अण्णांचं बोलणंच गेलं.
दवाखान्यातनं व्हिडिओ कॉलवर परक्या माणसासारखे बघायचे माझ्याकडं. आई म्हणायची, "अवो, मी हाय की!" काही नाही.
डॉक्टर स्पष्ट बोलले, "कॅन्सरमुळे प्रतिकारशक्ती आधीच कमी. ओळख परत येईल का, सांगता येत नाही."

काकांनी माझ्या हातातला फोन हिसकावला. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले,
"अण्णा, आता तरी कबूल कर! त्यो गोल ऑफसाइड हुता!"

मी भडकलेच. ही काय वेळ आहे?

पण अण्णांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले.
"न्ह... न्हवता."

पीपीई किटमधल्या सिस्टरनं टाळ्या वाजवल्या. आई रडत रडत हसायला लागली. आणि काका? फायनल जिंकल्यासारखे घरभर नाचले!

मग नावं आली, माणसं आली, पाय चालायला लागले. पुढच्या सीझनला अण्णा काठी टेकत गॅलरीत हजर. पेठेनं उभं राहून टाळ्या वाजवल्या.
शिव्याही दिल्या, अर्थात.

गेल्या वर्षी याच दिवशी कॅन्सरनं अण्णांना नेलं. पण आमचे अण्णा आम्हाला हट्टासकट परत मिळाले होते. ती मॅच आम्हीच मारली.

आज काकांनी फोटोला हार घातला आणि जोरात म्हणाले, "अण्णा, ऑफसाइड हुता."
आणि सवयीनं थांबले.



मीच म्हणाले, "न्हवता, काका."

काका डोळे पुसत हसले. "बापाचीच लेक हायस."

अण्णा, तुमचा निर्णय कायम आहे.
निवांत राहा.