वेंकटरावाची तिथ्यांची यादी

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली दोनशे सत्तर मराठी घरं वाडवडिलांच्या श्राद्धासाठी वेंकटरावावर विसंबून आहेत. शेजारची तमिळ माणसं तिथी सौर महिन्यानं धरतात, आम्ही चांद्र. त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर आमच्या कामाचं नाही, आणि देवनागरी पंचांग वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत. म्हणून दर पाडव्याआधी वेंकटराव वर्षभराच्या तारखा काढून घरोघर कळवतो. आमच्या पद्धतीनं श्राद्ध चालवणारे सांबशिवशास्त्री गावात एकटेच. त्यांना आधी सांगून ठेवलं नाही तर ते मिळत नाहीत आणि वडील उपाशी राहतात. हे मी गमतीनं म्हणत नाही.

वेंकटराव माझा शाळेपासूनचा मित्र. ओरत्तनाडूला एका बियाणं कंपनीत कारकून आहे. घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत तो ही यादी कचेरीतल्या एक्सेलवर करी. कुणा पुण्यवंतानं बनवलेलं, एक्सेलला जोडायचं एक ॲड-इन तिथीवरून तारीख काढून देई. यंदा फाल्गुनात कचेरीत नवे कॉम्प्युटर आले आणि जुन्यांबरोबर ॲड-इन गेलं.

त्यानं ते पुन्हा उतरवून घेतलं. चार एमबीचं, एका फोटोएवढं. बसवायला गेला तर म्हणे आधी दुसरं एक सॉफ्टवेअर हवं, ते आठशे एमबीचं. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्यानं वरात घेऊन यावं, तसला प्रकार. माझं डोकं फिरलं असतं. वेंकटरावानं तीन दुपारी बसून तेही उतरवलं. मग कॉम्प्युटरनं ॲडमिन पासवर्ड मागितला. तो चेन्नईच्या मुख्य कचेरीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुरलीकृष्णाकडे, आणि मुरलीकृष्णाकडे जायचं तर ऑनलाइन अर्ज.

अर्जात एक रकाना होता, कामाचं कारण. मी म्हटलं, बियाण्यांचा साठा लिही आणि मोकळा हो. पण वेंकटरावाला खोटं लिहिता येत नाही. त्यानं लिहिलं, 'मृत व्यक्तींच्या तारखा.' आठवड्यानं उलट विचारणा आली, कचेरीत कोण वारलं? त्यानं कळवलं, कचेरीतलं कुणी नाही. अर्ज बंद झाला. दुसऱ्या अर्जाचंही तेच झालं.

तोवर पाडवा उलटून गेला. लोकांचे फोन सुरू झाले. ज्याचा फोन येई त्याची तारीख वेंकटराव पंचांगावर भिंग धरून हातानं काढी. मोतीबिंदूमुळे एका तारखेला पाऊण तास लागे. मी त्याला सुनावलं की लोकांना वाट बघू दे जरा. तो म्हणाला, त्यांचे वडील कशाला वाट बघतील? एकाही घरचं श्राद्ध त्यानं चुकू दिलं नाही.

तिसरा अर्ज एका गुरुवारी दुपारी भरला, डबा खाता खाता; कारणात या वेळी नुसतं 'तारखा' लिहिलं. मंगळवारी मुरलीकृष्णानं चेन्नईत बसून इथला माउस हलवला, पासवर्ड टाकला आणि चार मिनिटांत काम उरकलं. एक्केचाळीस दिवसांनी यादी तयार झाली. होऊन गेलेल्या तारखा लाल दिसत होत्या. वेंकटराव एकेक ओळ तपासत गेला. याचा फोन आला होता, याचाही आला होता. एका ओळीचा आला नव्हता. चैत्र वद्य चतुर्थी, अप्पाजी. त्याचे स्वतःचे वडील. तारीख गेल्या गुरुवारची. त्या दिवशी डब्यात छोट्या कांद्याचं सांबार होतं.

संध्याकाळी मी त्याच्या तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, बसलो होतो. तो बसमधून उतरून आला आणि बायकोला, धनलक्ष्मीला, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मला त्याच्याकडे बघवेना. तिनं त्याच्या हातातला डबा घेतला.

मग म्हणाली, "सगळ्यांस तुम्ही होतांत. तुम्हांस फोन करायास कोण होतं?" आणि थोड्या वेळानं, "सेरि, असूं दे. सोमवारी अमावास्या आहे, तेव्हां करूं. चुकल्यावर तेंच करायाचं न्हवे?"

त्यानं तिथूनच शास्त्रीबुवांना फोन लावला. सोमवार मोकळा आहे का, विचारलं. मोकळा होता. वेंकटरावाचा फोन म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं काम, ही त्यांची इतक्या वर्षांची सवय. वही उघडून त्यांनी विचारलं, "कोणाच्या घरचं?"

शास्त्रीबुवांना वाटलं फोन कटला, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं.

"माझ्या," तो म्हणाला.