जीपच्या मागचा दिवा

मित्रहो, आज अंगात त्राण नाही, तरी तुम्हाला सांगतो.

मी सरकारी दवाखान्याची जीप चालवतो. स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली, पण आमच्या जंगलपट्टीत वीज नाही. जीपमध्ये कंदील धक्क्याने विझतो. म्हणून मागच्या आठवड्यात मी बॅटरीपासून वायर ओढून मागे बल्ब बसवला. त्यासाठी पत्र्याला भोक पाडावं लागलं.

आज दरेकशाहून एका बाईला आणत होतो. दिवेलागणीला जंगलातच तिच्या कळा वाढल्या. सोबतच्या नर्सबाई म्हणाल्या, "गाडी थांबवा, दिवा लावा."

बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. त्या उजेडात नर्सबाईंनी तो सोडवला. बऱ्याच वेळाने बाळ रडलं.

तिची सासू म्हणाली, "उजेड होता म्हणून दिसलं गा बाबू."

दवाखान्यात पोहोचलो. तिथल्या मोठ्या साहेबांनी आधी भोक पाहिलं. "सरकारी गाडीला भोक कुणाला विचारून पाडलं? उद्या सकाळी हे सगळं काढून टाक."

मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

वाद घालायची ताकद उरली नव्हती. "हो साहेब," म्हणून घरी आलो.

माझ्या जागी तुम्ही असता, तर काढला असता का दिवा?