भाडे भरलेली पेटी

त्या पेटीची आठवण झाली की अजूनही माझे डोके तडकते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रावरून येणारा चोरटा माल पकडला. पण मला सर्वांत जास्त छळले ते एका शिवणयंत्राच्या पेटीने, आणि ती पेटी चोरीला गेलेलीच नव्हती.

मी तेव्हा मालवण ठाण्यावर फौजदार होतो. जिल्हा रत्नागिरी, आणि गोवा अजून पोर्तुगिजांकडे. त्यामुळे आमचे निम्मे काम किनाऱ्यावरचे. परदेशी घड्याळे, कापड, दारू. कुठे खोके दिसले की कोणी ना कोणी खबर घेऊन हजर.

एके सकाळी ठाण्यात एक वृद्ध गृहस्थ आले. गावात त्यांना सगळे आफ्रिकावाले म्हणत. पंचवीसेक वर्षे मोंबासाला शिंपीकाम करून ते कायमचे परतले होते. एकुलता मुलगा वारला होता. घरात विधवा सून आणि भावाचा मुलगा. सुनेला स्वतःच्या पायावर उभे करावे म्हणून त्यांनी आपले शिवणयंत्र बरोबर आणायचे ठरवले. पण पेटी एवढी मोठी झाली की प्रवासी बोटीवर ती घेईनात. मग ती मालवाहू जहाजावर चढवली आणि ती महिनाभर मागून मुंबईला पोहोचली. गुडघे दुखत असल्याने आफ्रिकावाल्यांनी पैसे देऊन पुतण्याला ती सोडवायला पाठवले. पुतण्या परत आला तो रिकाम्या हाताने. पैसे संपले होते आणि पेटी मुंबईतच होती.

"पैसे पुतण्यान खाल्ल्यान," आफ्रिकावाले म्हणाले. "लिवन घेवा, साहेब."

"तो काय सांगतो?"

"म्हणता, आणखी पैसे होये. कित्याक होये? भाडा मी थंयच भरलंय. एका पेटयेचा दोनदा भाडा घेतत काय खंय?"

प्रश्न वाजवी वाटला. मी फिर्याद लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि पुतण्याला बोलावणे धाडले.

पोरगा पंचविशीचा, शांत. विश्वासघाताच्या गुन्ह्यातले आरोपी बहुधा फार बोलतात, शपथा घेतात. याने एकदाच सगळे नीट सांगितले. जवळचे सगळे पैसे माल सोडवून देणाऱ्या एजंटकडे भरले, पण कस्टम, धक्का, गोदाम असे करत रक्कम वाढत गेली. उरलेले पैसे न्यायला तो परत आला होता. त्याने पावत्याही पुढे केल्या. आफ्रिकावाल्यांनी त्या माझ्या टेबलावरच बाजूला सरकवल्या. असले इंग्रजी कागद छापखान्यात हवे तेवढे छापून मिळतात, असे त्यांचे म्हणणे.

मी मुंबईच्या पोलिसांना चौकशीसाठी पत्र लिहिले. बऱ्याच दिवसांनी उत्तर आले की आपले पत्र मिळाले, कार्यवाही चालू आहे. पुन्हा लिहिले. पुन्हा तेच.

मधल्या काळात गावाने तपास आपल्या हातात घेतला. आमचा एक नेहमीचा खबऱ्या धापा टाकत आला. "साहेब, पेटी कसालाक उतारली. माझ्या डोळ्यांनी बघलंय. पुतण्यान थंय ठेवल्यान." हवालदाराला घेऊन मी कसालला गेलो. हमरस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पडवीत खरेच मोठे लाकडी खोके होते. पंच बोलावले, खोके उघडले. आत सोड्याच्या बाटल्या. दुकानदाराने आम्हा सर्वांना सोडा पाजला आणि वर हसला.

पुतण्याला मी अटक केली नव्हती, नुसती हजेरी लावली होती. पण ठाण्याची पायरी चढलेला माणूस गावाच्या लेखी चोरच. त्याचे लग्न शिरोड्याला ठरले होते. मुलीच्या बापाने निरोप पाठवला की सध्या थांबू. त्यानंतर पोरगा बोलेनासाच झाला. मी पुन्हा पुन्हा विचारले तेव्हा म्हणाला, "काय सांगू, साहेब? सांगलंय तां कोणाक पटणा नाय."

मग एक दिवस सून ठाण्यात आली. त्या काळी घरंदाज बाई एकटी ठाण्यात येत नसे. ती दारातच उभी राहिली.

"साहेब, भावजींनी पैसे खाल्ले असते तर ते परत कित्याक इले असते? मुंबयत खंयय रवले असते. माका मशीन नको. ह्या सगळा थांबवा."

ती गेली. एवढी साधी गोष्ट इतक्या दिवसांत कोणीच बोलले नव्हते. हातात पैसे असलेला चोर गावात येऊन आणखी पैसे मागत नाही.

सुदैवाने एका खटल्यात साक्षीसाठी मला मुंबईला जायचे होते. आफ्रिकावाल्यांना सांगितले, गुडघे दुखोत नाहीतर मोडोत, तुम्ही माझ्याबरोबर येताय. पुतण्यालाही घेतले. पावसाळ्यामुळे बोटी बंद व्हायला फार दिवस उरले नव्हते. बोटीवर काका एका टोकाला आणि पुतण्या दुसऱ्या टोकाला. मधे मी. काका रत्नागिरी येईपर्यंत बोलत होते आणि वाक्य एकच, "भाडा भरलेला आसा."

एजंटचे कार्यालय गोदीजवळ होते. एजंट तापट गृहस्थ. पुतण्याला पाहताच म्हणाला, "आलात? मी तेव्हाच सांगितलं होतं, लवकर या." खुर्चीवर बसण्याआधीच अर्धा गुन्हा संपला होता. पण आफ्रिकावाले मानेनात. तेव्हा मी साक्षीदाराला विचारावे तसे एजंटला विचारू लागलो.

"मोंबासाला भरलेल्या भाड्यात काय काय आलं?"

"जहाजाचा प्रवास. माल उतरला की तो हिशेब संपला."

"पुढचं?"

"उतरवण्याची मजुरी, धक्क्याचा आकार, कस्टम, आमची मेहनत. आणि पेटी वेळेत उचलली नाही तर गोदामाचं भाडं. ते रोज चढतं. आणि मुंबईहून मालवणच्या बोटीचं भाडं आणखी वेगळं."

"एका पेटयेक एवढा?" काका उसळले. "थंय भायर त्या व्यापाऱ्याची पोती पडली हत, एका पोत्याक किती भरता तां त्याका इचारा."

"काका," एजंट म्हणाला, "त्याच्या पोत्यांना जेवढे कागद लागतात तेवढेच तुमच्या एका पेटीला लागतात. त्याचा खर्च सगळ्या पोत्यांवर वाटला जातो, तुमचा एकट्या पेटीवर पडतो. थोडा माल नेहमी महाग पडतो. मी रोज चार जणांना हेच सांगतो आणि चारही जण मला चोर म्हणतात."

मी आफ्रिकावाल्यांना विचारले, "मोंबासाच्या माणसाने पैसे घेताना नेमके काय शब्द वापरले?"

ते म्हणाले, "मुंबयपर्यंत."

"घरापर्यंत म्हणाला का?"

"नाय."

गोदामात आमच्यासमोर पेटी उघडली. यंत्र खालच्या लोखंडी पायट्यासकट, टेबलासकट जसेच्या तसे उभे ठेवलेले, आणि भोवती नुसता पेंढा. एजंट म्हणाला की टेबल आणि पायटा सुटे करून बांधले असते तर पेटी निम्मी झाली असती. हलक्या मालाला जहाज वजनाचे नाही, जागेचे पैसे घेते. आफ्रिकावाल्यांनी पेंढ्यासाठी समुद्रभर भाडे भरले होते.

पण मला खरा संताप आला तो गोदामाच्या आकड्याने. सर्वांत मोठी रक्कम तीच होती. पुतण्या पहिल्यांदा पैसे मागायला आला तेव्हाच ते दिले असते, तर हा आकडा जवळजवळ नसताच. आमची फिर्याद, आमची पत्रे, कसालचा पंचनामा, हे चालू असताना तो रोज चढत होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर पेटी लिलावात गेली असती.

आफ्रिकावाल्यांनी कंबरेचा कसा सोडला आणि पैसे मोजले. पुतण्याने पेटी उचलायला हात लावला तेव्हा ते त्याच्याकडे बघू शकले नाहीत.

मालवणला परतल्यावर फिर्याद मागे घ्यायला ते ठाण्यात आले. मी म्हणालो, "जबाब घेतो. पण हा कागद इथे कपाटात राहणार. गाव तो वाचणार नाही. तुम्ही शिरोड्याला जा आणि मुलीच्या बापाला स्वतः सांगा."

गेले बिचारे. संध्याकाळी परत आले आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहिले. मुलीचे दुसरीकडे ठरले होते.

सुनेने शिवणकाम सुरू केले आणि ते चांगले चालले. पुतण्या मात्र घरात राहिला नाही. तो देवगडला एका आंब्याच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला लागला. पुढे एका तपासासाठी मी तिथे गेलो असताना तो बंदरावर भेटला. चहा घेताना मी विचारले, काकांशी बोलणे आहे का.

"काकान माफी मागल्यान, साहेब. मी माफ केलंय," तो म्हणाला. "पण तेणी आधी इचारूक होया होता. माका नाय तर त्या एजंटाक. कोणाक तरी."

आमच्या दप्तरात त्या प्रकरणाचा शेवट 'गैरसमजातून दिलेली फिर्याद' एवढ्याच शब्दांत आहे. वरिष्ठांनी त्यावर सही केली आणि फाईल बंद झाली. मी मात्र त्यानंतर ज्या ज्या ठाण्यावर गेलो तिथे पैशाच्या फिर्यादीला लेखणी उचलण्याआधी तीन गोष्टी विचारू लागलो. पैसे कशाचे दिलेत, कुठपर्यंतचे दिलेत, आणि ज्याने घेतले त्याला तुम्ही हे विचारलेत का? पुष्कळ लोक चिडायचे. काही वाद घालायचे. आणि काही जण थोडा वेळ विचार करून, टोपी घालून, आधी त्याच्या घरी जाऊन येतो म्हणायचे. त्यातले बरेचसे परत आले नाहीत.