ओठाशी धरलेला थेंब

सुमनताई आमच्या शेजारी राहतात. काल त्यांच्या स्वयंपाकघरात लेकीने पाळलेल्या चिंचिलाचं, म्हणजे उंदराच्या कुळातल्या एका मऊ, केसाळ परदेशी प्राण्याचं, पिल्लू पाहिलं. गोल कान, खारीसारखी झुपकेदार शेपूट आणि सगळं मिळून लिंबाएवढं. त्याच्या आईने त्याला जवळच केलं नाही. दूध प्यायला गेलं की ती अंगावर धावून येते.

सुमनताईंचं आयुष्य प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेलं. पहिल्या दिवशी त्यांनी पिल्लाला सवयीने मांडीवर उताणं घेतलं, बाळाला बोंडल्याने पाजतात तसं. त्याला ठसका लागला, नाकातून दूध आलं. "एवढी बाळं पाजली मी, आणि याचा जीव घेत होते," त्या म्हणाल्या. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला उताणं नाही, त्याच्या चारही पायांवर ठेवूनच पाजायचं.

आता त्या ओट्याशी वाकतात, ड्रॉपरचा एक थेंब त्याच्या ओठाशी धरतात आणि थांबतात. पिल्लाने तो चाटला की मगच दुसरा. हे दर दोन तासांनी. माझा हात अवघडला असता, मी ड्रॉपर दाबून मोकळी झाले असते. सत्तरीतल्या त्या हातांकडे मी बघतच राहिले. आयुष्यभर मुरलेली माया बाजूला ठेवून ते नवी माया शिकत होते.

पाजून झाल्यावर त्यांनी पिल्लाला आईच्या पिंजऱ्यापाशी नेलं.

"आजही तिने घेतलं नाही तर?" मी विचारलं.

"मी आहेच की," त्या म्हणाल्या. "पण आधी तिला विचारायला हवं. आई ती आहे."